अमळनेरची सहा वर्षे

दिवाळीच्या सुटीचा पहिला दिवस वसतिगृहात मोठ्या धांदलीचा असतो. पहाटेपासून पत्र्याच्या पेट्या ओसरीवर येऊन पडतात. कोणाचा बाप सायकल घेऊन येतो, कोणाचा मामा मोटारसायकलवर, आणि उरलेली मुले एस.टी.च्या स्टँडकडे धावत सुटतात. दुपारी बारापर्यंत सारे सामसूम होते. दोरीवर कोणाचा तरी विसरलेला टॉवेल आणि आवारात दोन-चार चिमण्या, एवढेच मागे उरते.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका दुपारी मी वसतिगृहात डोकावलो, तो एका खोलीत एक मुलगा भिंतीकडे तोंड करून पडलेला दिसला. आठवीतला, शिरपूरकडचा. "का रे, गेला नाहीस?" मी विचारले. "पोट दुखतंय, सर." हेच कारण त्याने गेल्या पंधरवड्यात तीनदा सांगितले होते, आणि प्रत्येक वेळी ते खोटे आहे हे मला कळले होते. मास्तराला खोटे फार लवकर कळते. त्याच्या मागचे खरे कळायला मात्र वेळ लागतो. मी त्याला रागावलो. सणासुदीचे घरी आईबाप वाट पाहत असतील, आणि तू इथे नाटके करतोस, असे काहीबाही बोललो. तो उठून बसला, पण बोलला नाही.

परत निघालो तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात मावशी उभ्या होत्या. त्या हलकेच म्हणाल्या, "सर, त्याना घरले कुलूप शे. मायबाप ऊस तोडाले ग्यात."

आमच्या भागातली कितीतरी घरे दिवाळीच्या आगेमागे गुजरातेत ऊसतोडीला जातात, हे मला काय ठाऊक नव्हते? भूगोलाच्या तासाला मी ते शिकवलेलेही होते. पण त्या माहितीला आमच्याच वसतिगृहातल्या एका पोटदुखीचा चेहरा असेल, हे माझ्या ध्यानात आले नाही. स्वयंपाकाच्या मावशींच्या मात्र आले. त्या रात्री मला झोप लागली नाही. आणि मग, अशा वेळी आम्हा खानदेशी मास्तरांना ज्यांची आठवण होते, त्यांची झाली. अमळनेरच्या छात्रालयात अशी पोटदुखी निघाली असती, तर तिथल्या गृहपतींनी काय केले असते?

ते गृहपती म्हणजे पांडुरंग सदाशिव साने. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणू लागला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. याआधीचे तिथले संमेलन १९५२ सालचे. म्हणजे तब्बल बहात्तर वर्षांनी हा मान गावाला पुन्हा मिळाला. त्या निमित्ताने गुरुजींच्या नावाचे स्मरण झाले, ते मुख्यतः लेखकाचे. 'श्यामची आई'च्या लेखकाला महाराष्ट्राने कधीच विसरलेले नाही. पण तो लेखक होण्याआधी एक शिक्षक होता, आणि शिक्षक असताना मुलांच्या अडीअडचणी निस्तरणारा छात्रालयाचा कारभारी होता. १९२४ पासून १९३० पर्यंतची ती सहा वर्षे. खानदेशच्या शैक्षणिक इतिहासात त्यांना जेवढी जागा मिळायला हवी, तेवढी अजून मिळाली आहे असे मला वाटत नाही.

आधी ते अमळनेर डोळ्यांपुढे आणू या. १९०६ साली सरकारने जुन्या खानदेश जिल्ह्याचे दोन तुकडे केले. पश्चिम खानदेशचे ठाणे धुळे झाले आणि पूर्व खानदेशचे जळगाव. अमळनेर पूर्व खानदेशात, बोरी नदीच्या काठावर. सखाराम महाराजांच्या वारकरी गादीमुळे ते भाविकांना आधीपासून माहीत होते. सुरतेकडून येणारी रेल्वे आली, कापसाचा व्यापार वाढला, आणि श्रीमंत प्रताप शेठ यांच्या कापडगिरणीने गावाला भोंगा दिला. याच प्रताप शेठजींच्या दातृत्वातून १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. गावातल्या हायस्कुलालाही त्यांचेच नाव लागले. एका बाजूला टाळ, दुसऱ्या बाजूला भोंगा, आणि मध्ये वेदान्ताचे अध्ययन करणारे विद्वान, असे हे विलक्षण गाव होते.

त्या काळी हायस्कूल म्हणजे गावोगावची गोष्ट नव्हे. खेड्यात मराठी चौथी झाली की मुलाने एक तर औत धरायचे, नाही तर घर सोडायचे. घर सोडणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या पोराचे काय होत असेल, याचा विचार करून पाहावा. घरी तो अहिराणी बोलतो. वर्गात पुस्तकी मराठी, आणि वर इंग्रजी. घरी गाय-म्हैस असते, इथे खानावळीची पातळ आमटी. फीचा हप्ता कापसाच्या भावावर अवलंबून. आणि कापसाचा भाव कुठे लिव्हरपूलला ठरणार! या मुलाला ताप आला तर कपाळावर हात ठेवणारे कोणी नसते. तो रडला तर भित्रा, भांडला तर उनाड, आणि गप्प राहिला तर मठ्ठ ठरतो. मॅट्रिकच्या परीक्षेच्या कितीतरी आधी या मुलांच्या खऱ्या परीक्षा होऊन गेलेल्या असत. आणि त्यांत नापास झालेला मुलगा निमूटपणे गावी परतत असे. त्याची नोंद शाळेच्या दप्तरात 'नाव कमी केले' या तीन शब्दांपलीकडे होत नसे.

साने यांना हे सारे ठाऊक होते, कारण ते त्यांच्या अंगावरून गेलेले होते. कोकणात दापोली तालुक्यातले पालगड हे त्यांचे गाव. जन्म २४ डिसेंबर १८९९चा. घराणे एके काळी खोताचे, पण वडिलांच्या वेळेपर्यंत कर्जाने पोखरलेले. घरावर जप्ती आली. दापोलीच्या इंग्रजी शाळेत काही वर्षे झाली. पुढे गरीब विद्यार्थ्याची सोय होते म्हणून हा मुलगा थेट औंध संस्थानात गेला. तिथे हाताने स्वयंपाक करायचा, मिळेल त्यात भागवायचे, प्रसंगी उपाशी राहायचे. एवढे करून शाळेत रमतो न रमतो, तोच प्लेग आला आणि औंध सुटले. मग पुण्याचे नूतन मराठी विद्यालय. पुण्यात असतानाच नोव्हेंबर १९१७ मध्ये आई गेली. शेवटची भेट झाली नाही. १९१८ साली मॅट्रिक, १९२२ मध्ये बी.ए., पुढे एम.ए.; कागदावर पाहिले तर हा यशस्वी विद्यार्थ्याचा आलेख. त्या कागदाखाली भूक होती, परक्या गावातले एकटेपण होते, आणि न झालेली ती भेट होती.

तत्त्वज्ञानाच्या ओढीने ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. तिथले अध्ययन त्यांना कोरडे वाटले. जीवनाशी ज्याचा सांधा जुळत नाही अशा चर्चेत त्यांचा जीव रमेना. आणि १९२४ साली ते जवळच्याच हायस्कुलात शिक्षक झाले. वेदान्ताच्या मंदिरातून निघून हा माणूस मुलांच्या गोंगाटात आला, आणि तिथे त्याला सापडायचे ते सापडले.

शिक्षक म्हणून ते चांगले होते, हे त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे पुष्कळदा सांगितले आहे. परंतु त्यांची खरी शाळा भरे ती घंटा वाजल्यानंतर, छात्रालयात. शाळेने त्यांच्याकडे छात्रालयाचे काम सोपवले, तेव्हा गृहपतीच्या जागेची कल्पना साधारण अशी होती: हजेरी घ्यावी, दिवे वेळेवर मालवावेत, खानावळीचे हिशेब पाहावेत, आणि दंगा झाला तर छडी काढावी. साने यांचा स्वभाव लाजाळू, अबोल, चारचौघांत संकोचणारा. धाक घालणे त्यांना जमण्यासारखे नव्हतेच. त्यांनी वेगळेच काम हाती घेतले. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडत. अस्ताव्यस्त पडलेले अंथरूण घडी करून ठेवत. मळके कपडे दिसले तर धुऊन टाकत. संध्याकाळी मुलगा परत आला की त्याला आपली खोली आवरलेली दिसे. आणि ती कोणी आवरली हे कळले की दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन केरसुणी हाती घेई.

ही हकीकत आपण सर्वांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेली असते, आणि तिचे तात्पर्य म्हणून 'स्वच्छता' किंवा 'श्रमप्रतिष्ठा' असे काहीतरी लिहिलेले असते. मास्तरकीत इतकी वर्षे घालवल्यावर मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. खोली झाडणाऱ्याला मुलगा कळतो. उशाखाली घरचे पत्र चुरगळून ठेवले आहे की जपून ठेवले आहे, पेटीत दुसरा सदरा आहे की नाही, अंथरूण ओले आहे का, फराळाचा डबा महिनाभर रिकामा का पडला आहे, हे सारे झाडूवाल्याला दिसते आणि हजेरी घेणाऱ्याला दिसत नाही. मुलाचे संकट कधी 'मी संकट आहे' असे म्हणत समोर येत नाही. ते मळक्या सदऱ्याच्या, चुकलेल्या हप्त्याच्या, वारंवार दुखणाऱ्या पोटाच्या रूपाने येते. आमच्या मावशींना जे दिसले आणि मला दिसले नाही, ते याचसाठी. त्यांचा हात रोज त्या मुलाच्या ताटाशी होता. माझा फक्त त्याच्या वहीशी.

आजारी मुलाच्या उशाशी ते रात्ररात्र बसत. गरीब मुलाच्या फीला आपल्या पगारातून हातभार लावत. यांपेक्षाही मला नवल वाटते ते त्यांच्या हस्तलिखित दैनिकाचे. छात्रालयातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने एक दैनिक लिहून काढीत. मुले निजल्यावर लिहायला बसायचे आणि सकाळी मुलांना वाचायला ठेवायचे. देशात काय चालले आहे, थोरामोठ्यांचे चरित्र, एखाद्या पुस्तकाची ओळख, आणि मधूनच छात्रालयातल्याच घडामोडींवर दोन शब्द. ज्याला चारचौघांत बोलायचा संकोच, त्याने लेखणीने बोलायची वाट काढली. यात मुलांचीही सोय होतीच. सर्वांसमोर बोलून दाखवलेली चूक मुलाला झोंबते. कोणाचे नाव न घेता सकाळच्या कागदावर लिहिलेली तीच गोष्ट तो एकटा वाचतो, आणि आपल्याविषयी आहे हे ओळखून गप्प राहतो. त्याचा मान राहतो. मूल वाकडे जाते ते बहुधा चुकीमुळे कमी आणि चुकीच्या बोभाट्यामुळे अधिक, हे या गृहपतींनी जाणले होते. पुढे १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिक काढले. छात्रालयाच्या भिंतीपलीकडच्या मुलांपर्यंत जाण्याचा तो प्रयत्न.

इथे एका गोष्टीची आठवण ठेवली पाहिजे. आपण गुणगान करतो ते शिक्षकाचे. पण त्या शिक्षकाला हे सारे करू देणारी एक शाळाही होती. खाजगी हायस्कुलांना तेव्हा सरकारी ग्रँट लागे, तपासणीला साहेब येई, निकालाची टक्केवारी विचारली जाई. अशा वेळी गृहपती कपडे धुतो, रात्री जागून दैनिक लिहितो, मुलांच्या डोक्यात देशाचे विचार घालतो, हे पाहून एखाद्या कारभाऱ्याने 'हे तुमचे काम नव्हे' असे सहज म्हटले असते. सहा वर्षे त्यांना तिथे काम करता आले, याचा अर्थ कोणीतरी डोळेझाक केली, आणि कोणीतरी पाठराखणही केली. शाळेच्या कारभारात मोठे निर्णय थोडे. न घेतलेले निर्णयच पुष्कळ असतात. चांगल्या माणसाच्या वाटेत न येणे, हीसुद्धा कारभाराची एक कला आहे.

मात्र या व्यवस्थेत एक उणे होते, ते आज मागे वळून पाहताना दिसते. ती व्यवस्था एका माणसाच्या हृदयावर उभी होती.

१९३० साल उजाडले. गांधीजींनी दांडीला मीठ उचलले, आणि सारा देश हलला. मुलांना रोज देशाची गोष्ट सांगणाऱ्याला आता स्वस्थ बसवेना. शाळेतून लढता आले नसते. लढले असते तर शाळाच संकटात आली असती. साने यांनी राजीनामा दिला आणि सत्याग्रहात उडी घेतली. त्याच वर्षी त्यांना अटक झाली. आधी धुळ्याचा तुरुंग, मग तेथून दूर तमिळ मुलखात त्रिचनापल्लीचा. देश स्वतंत्र व्हायला हवा होता, त्यांचे जाणे योग्यच होते. तरीही माझ्यासारख्या मास्तराच्या मनात एक प्रश्न येतोच: त्या वर्षी जूनमध्ये पेटी घेऊन छात्रालयात नव्याने आलेल्या मुलाच्या उशाशी कोण बसले असेल?

धुळ्याच्या तुरुंगाशी गुरुजींचे नाते पुन्हा जुळले ते १९३२ साली. विनोबा भावे तेव्हा तिथे कैदेत होते. २१ फेब्रुवारी १९३२ पासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवरची अठरा प्रवचने विनोबांनी मराठीत दिली. आणि ती लिहून घेतली साने गुरुजींनी. 'गीता प्रवचने' आज देशाच्या अनेक भाषांत वाचली जातात. विनोबा बोलत ते ओघाने. टिपून घेणाऱ्याचा हात चालला नसता तर ते शब्द धुळ्याच्या भिंतींतच विरून गेले असते. अमळनेरला मुले निजल्यावर जो हात रोज दैनिक लिहीत होता, तोच हा हात. छात्रालयाची सवय तुरुंगात उपयोगी पडली.

आणि पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात, ९ फेब्रुवारी १९३३ला, एका गुरुवारी, त्यांनी एक पुस्तक लिहायला घेतले. ते सोमवारी १३ तारखेला पहाटे संपवले. तेच 'श्यामची आई'. त्या पुस्तकाची मांडणी पाहा. एक आश्रम आहे, संध्याकाळी प्रार्थना होते, मुले भोवती बसतात, आणि श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री. छात्रालय सुटले होते, पण लेखकाच्या मनातून मुलांचा तो घोळका उठला नव्हता. 'धडपडणारी मुले' या कादंबरीत तर त्यांनी छात्रालयाचेच जग उभे केले. आचार्य अत्र्यांनी 'श्यामची आई'चा चित्रपट काढला, तो १९५३ साली. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि घरोघर माणसे रडली. ज्या आईची शेवटची भेट झाली नाही, तिच्याविषयी हा मुलगा सोळा वर्षांनी लिहीत होता. घरापासून दूर असलेल्या मुलाला काय हवे असते, हे त्याच्याइतके कोणाला कळणार?

याच खानदेशात मुलांवरचे सर्वांत मोठे संकट आले ते १९४२ साली. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होते. 'चले जाव'च्या ठरावाला महिना झाला, त्या दिवशी, ९ सप्टेंबरला, शाळकरी मुलांनी गावातून मिरवणूक काढली. पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्याम शहा, अशी पाच मुले गेली. शिरीषकुमार अवघ्या पंधरा वर्षांचा होता. आपण त्यांना हुतात्मा म्हणून वंदन करतो आणि ते योग्यच आहे. पण दुसऱ्या दिवशी शाळेत जाणाऱ्या मास्तरांचे काय झाले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. हजेरीपटावर ते नाव असेल. ते नाव उच्चारायचे की गाळायचे? शेजारच्या बाकावरच्या मुलाला काय सांगायचे? इतिहासाच्या पुस्तकात गोळीबाराला जागा मिळते. त्यानंतरच्या हजेरीला मिळत नाही.

आता या कहाणीचा शेवट सांगितलाच पाहिजे, दिवाळीचा अंक असला तरी. स्वातंत्र्य आले. त्याआधी, मे १९४७ मध्ये, पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी उपोषण केले. गांधीजींच्या हत्येने ते आतून मोडले; त्यांनी एकवीस दिवसांचा उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. आणि ११ जून १९५०ला, मुंबईत, पन्नासाव्या वर्षी, त्यांनी आपले आयुष्य आपणच संपवले.

मोठ्या माणसाच्या अशा जाण्याला आपण मोठी कारणे शोधतो: देशाची दशा, स्वप्नभंग, विरक्ती. त्यात तथ्य असेलही. मनाचा तळ बाहेरच्याला गवसत नाही. पण थोरपणाचे शेले पांघरून आपण एक साधी गोष्ट झाकून टाकतो. दुसऱ्याच्या मुलाच्या उशाशी रात्रभर बसणाऱ्या या माणसाच्या उशाशी त्या रात्री कोणी नव्हते. माणसे नव्हती असे नाही. जीव टाकणारे मित्र होते, हजारो चाहते होते. पण सर्वांनी त्यांना गुरुजी मानले होते, आणि गुरुजींनाही कधी पोट दुखू शकते हे कोणाच्या मनात येत नाही. आज वैद्य सांगतात की मनाची अशी व्याधी ही व्याधीच आहे, तिच्यावर उपचार आहे, आणि वेळेवर कोणाशी बोलले तर माणूस त्यातून बाहेर येतो. हे ज्ञान १९५० साली घरोघर पोहोचलेले नव्हते.

आज ते किती पोहोचले आहे? सरकारी नोंदींनुसार २०२१ या एका वर्षात देशात तेरा हजारांवर विद्यार्थ्यांनी आपले आयुष्य संपवले, आणि राज्यांत सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'टेलि-मानस' ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री कोणीही बोलू शकतो. २५ जुलै २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक समुपदेशक किंवा तत्सम जाणकार नेमावा. आणि शिक्षक व शिक्षकेतर अशा सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा या कामाचे शिक्षण द्यावे. त्यातला 'शिक्षकेतर' हा शब्द मी वाचला आणि स्वयंपाकघराच्या दारातल्या मावशी आठवल्या. न्यायालयालाही तो दरवाजा दिसला, म्हणायचे.

कोणी म्हणेल, साने गुरुजींना कुठे समुपदेशनाचे प्रमाणपत्र होते? आणि कोणी उलट म्हणेल, प्रमाणपत्राचा माणूस आला, आता आम्ही मास्तर मोकळे! मला दोन्ही पटत नाही. अमळनेरने दाखवून दिले की शाळेत मुलाचे मन सांभाळता येते. आणि पुढच्या इतिहासाने हेही दाखवले की ते एकट्याच्या जिवावर टाकू नये. माया करणारा माणूस आज आहे, उद्या त्याची बदली होईल, परवा तो थकेल. त्याच्या मागे चार जण हवेत: ऐकणारा मुख्याध्यापक हवा, जाणता समुपदेशक हवा, ताटाकडे लक्ष ठेवणाऱ्या मावशी हव्यात, आणि त्या मास्तरालाही 'तुम्ही जेवलात का?' असे विचारणारा कोणीतरी हवा.

त्या दिवाळीचे सांगायचे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा वसतिगृहात गेलो. काय बोलावे ते सुचेना. कोपऱ्यात केरसुणी होती, ती घेतली आणि त्याची खोली झाडायला लागलो. जमत नव्हते, धूळच जास्त उडाली. तो काही वेळ बघत राहिला. मग उठून म्हणाला, "सर, द्या इकडं. तुम्हाला येत नाही." त्याने खोली झाडली, ओसरी झाडली, आणि झाडता झाडता बोलू लागला: धाकटी बहीण आईबापांबरोबर फडावर गेली आहे, तिची शाळा सुटली आहे, आणि आपण इथे आयते खातो याची त्याला लाज वाटते. पोट दुखायचे ते त्याने. म्हणजे ते खोटे नव्हतेच.

नरकचतुर्दशीला तो आमच्या घरी आला. माझ्या पत्नीने त्याला उटणे लावले, आणि पहाटेच्या अंधारात तो थंडीने कुडकुडत, हसत न्हाला. फराळाच्या ताटातल्या दोन करंज्या त्याने कागदात बांधून खिशात ठेवल्या. कोणासाठी, ते मी विचारले नाही. सुटी संपल्यावर मी मुख्याध्यापकांना सांगितले, आणि त्या बहिणीचे नाव पुन्हा शाळेत घालण्यासाठी आम्ही दोघे त्याच्या गावी गेलो. ती पुढे दहावी झाली.

त्याचे पोट नंतर कधी दुखले नाही असे मी म्हणणार नाही. पण आता दुखले की तो मावशींना सांगे, आणि मावशी मला.